नेटवर्किंग आणि वेब प्रोग्रामिंग एकत्र कसं काढायचं, रेंज असो वा नसो

दर वर्षी सबमिशनचा सीझन आला की ज्युनियर मंडळींचे मेसेज यायला लागतात, ताई सीएन (म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्क) आणि वेब दोन्ही डोक्यावरून जातायत, कुठून सुरू करू. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, ज्याला पाहिजे त्याने घ्या.

मुंबई विद्यापीठाचं बीएस्सी आयटी असो, कॉम्प्युटर सायन्स असो नाहीतर लोणेऱ्याच्या विद्यापीठाचं बीटेक, सिलॅबसचे शब्द इकडचे तिकडे होतात, युनिटं मागेपुढे होतात, पण गाभा तोच. आणि माझं म्हणणं एकच आहे, हे दोन विषय वेगळे वाचूच नका. कॉलेजात ते वेगळे आहेत, सर वेगळे, जर्नल वेगळं, पेपर वेगळा, मान्य. पण ब्राऊझरमध्ये पत्ता टाकून एंटर मारल्यापासून पान दिसेपर्यंत जे काय होतं त्यातलाच अर्धा भाग कापून एका विषयात घातलाय आणि अर्धा दुसऱ्यात. तो एक प्रवास पाठ झाला, म्हणजे घोकून नाही, डोळ्यासमोर दिसायला लागला, की दोन्हीकडचे निम्मेअधिक प्रश्न आपोआप सुटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सिलॅबस खालून वर जातो. पहिलं युनिट वायर, सिग्नल, मॉड्युलेशन, तिथेच गणपती येतात आणि एचटीटीपी येईपर्यंत सेमिस्टर संपलेलं असतं. तुम्ही वरून खाली या. एचटीटीपी, म्हणजे ब्राऊझर आणि सर्व्हरची बोलायची भाषा, रोज वापरताय, ते आधी बघा, मग टीसीपी (माहिती न हरवता क्रमाने पोचवणारा), मग आयपी (मशीनचे पत्ते आणि वाट), मग इथरनेट-वायफाय, आणि सिग्नल सगळ्यात शेवटी. वर्गात सर शिकवतायत ते चालू द्या, घरी हा क्रम ठेवा.

आधी तो एक प्रवास

मोठा कागद घ्या, ड्रॉइंगचा असला तर उत्तम, आडवा ठेवा. डाव्या टोकाला तुमचा लॅपटॉप, उजव्या टोकाला सर्व्हर, मध्ये घरचा राऊटर आणि नेट देणाऱ्या कंपनीचे दोन-तीन राऊटर. आता एंटर मारल्यावर काय काय होतं ते क्रमाने काढत जा. लॅपटॉपला स्वतःचा आयपी कुठून मिळाला, डीएचसीपीने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या प्रोटोकॉलने, यूडीपी (टीसीपीचा हलका भाऊ, हँडशेक नाही की पोचपावती नाही) पोर्ट (मशीनवरच्या प्रोग्रामचा दरवाजा नंबर) ६७ आणि ६८. साईटच्या नावाचा आयपी कोण सांगणार, डीएनएस, पोर्ट ५३. पण डीएनएसला विचारायचं म्हटलं तरी पॅकेट आधी राऊटरपर्यंत गेलं पाहिजे आणि त्यासाठी राऊटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) हवा, म्हणजे आयपीवरून मॅक शोधून देणारं एआरपी त्याच्याही आधी. हे बहुतेक पोरं उलटं सांगतात कारण पुस्तकात ती दोन वेगळी प्रकरणं असतात. मग रिझॉल्व्हर, म्हणजे तुमच्यासाठी नाव शोधून आणणारा सर्व्हर, आधी सगळ्यात वरच्या रूटला विचारतो, रूट सांगतो डॉट इनवाल्यांकडे जा, ते सांगतात त्या डोमेनच्या सर्व्हरकडे जा, आणि तो शेवटी आकडा देतो. हे सगळं दर वेळी होत नाही कारण मध्ये जागोजागी कॅश (आधीची साठवलेली उत्तरं) आहे. रूट सर्व्हरची नावं १३, ए पासून एम पर्यंत, पण प्रत्यक्ष मशीनं जगभर त्याच्या कितीतरी पट, हा व्हायवाचा आवडता प्रश्न आहे.

आयपी मिळाला, मग टीसीपीचा तीन पायऱ्यांचा हँडशेक, मग एचटीटीपीएस असेल तर टीएलएस (बोलणं गुप्त करणारा थर), मग कुठे तुमची गेट रिक्वेस्ट जाते. उत्तरात एचटीएमएल येतं, ब्राऊझर ते वाचायला लागतो आणि त्यात सीएसएस दिसली की तिच्यासाठी नवी रिक्वेस्ट, जावास्क्रिप्टसाठी अजून एक, प्रत्येक फोटोसाठी अजून एक. घरच्या राऊटरवर नॅट (पत्त्यांची अदलाबदल) होतं तेही काढा, तुमचा १९२.१६८ वाला पत्ता तिथे बदलून जातो.

आता या चित्रावर प्रत्येक टप्प्याशेजारी दोन्ही सिलॅबसमधल्या युनिटचे नंबर पेनाने लिहा. बघा कशी जुळतात ती. वेबमधलं सेशन-कुकी का लागतं, कारण एचटीटीपीला मागची रिक्वेस्ट आठवत नाही. टीसीपी तर कनेक्शन लक्षात ठेवतो, मग हा का नाही? हा प्रश्न स्वतःला पडला आणि त्याचं उत्तर स्वतःच्या शब्दात देता आलं, तर समजा दोन्ही विषय जुळायला लागले. कागद भिंतीला चिकटवा, पावसाळ्यात ओल येऊन सुटतो म्हणून दरवाजाच्या मागे चिकटवलेला बरा.

एक लक्षात ठेवा, हे चित्र टीसीपीचं आहे. एचटीटीपी/३, जे २०२२ साली स्टँडर्ड झालं, ते क्विकवर चालतं आणि क्विक यूडीपीवर. पेपरात जुनं लिहिलं तर मार्क जात नाहीत, पण एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) तरुण असला तर नक्की विचारतो.

रेंज नसताना काय करायचं

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. मुंबई-पुण्याची पोरं व्हिडिओ लावून शिकतात, आपल्याकडे कोकणात, घाटाखालच्या वाडीत टॉवरची एक काडी आली तरी आनंद, आणि जूनमध्ये लाईट गेली की टॉवरची बॅटरी उतरेपर्यंतच काय ती रेंज. निसर्ग वादळाच्या वेळी, ३ जून २०२० ला, श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात वीज आणि फोन दोन्ही कितीतरी दिवस नव्हते. तेव्हा अभ्यास नेटवर अवलंबून ठेवायचाच नाही, आणि गंमत म्हणजे नेटवर्क हा विषय नेटशिवाय छान होतो.

एकदा तालुक्याला किंवा कॉलेजच्या वायफायवर गेलात की एका फेरीत सगळं उतरवून आणा. झॅम्प (अपाची वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं), वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं), सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारं), व्हीएस कोड, पायथन आणि त्याची डॉक्युमेंटेशनची झिप. डेव्हडॉक्स नावाची साईट आहे ती एचटीएमएल-सीएसएस-जावास्क्रिप्टची माहिती ब्राऊझरमध्ये ऑफलाईन साठवून देते. पॅकेट ट्रेसरला सिस्कोच्या नेटअकॅडचं फुकट अकाउंट आणि पहिल्यांदा लॉगिन लागतं, ते तिथेच उरकून घ्या नाहीतर घरी येऊन स्क्रीनकडे बघत बसाल. एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे) लेक्चर कमी क्वालिटीत उतरवा, फळ्यावरचं दिसलं म्हणजे झालं. आणि आरएफसी! कोणी सांगत नाही पण प्रोटोकॉलच्या नियमांची ही मूळ कागदपत्रं साध्या टेक्स्टमध्ये असतात, काही केबीची फाईल, एका काडीवर पण उघडते. टीसीपीची जुनी ७९३ ही १९८१ ची, आता तिच्या जागी २०२२ ची ९२९३ आहे. सगळी वाचायची नाही, फक्त स्टेट डायग्राम आणि हेडरचं चित्र बघा, पुस्तकातली आकृती तिथूनच आलेली आहे.

घरात दोन लॅपटॉप किंवा एक लॅपटॉप एक फोन असला की झाली लॅब. बहुतेक फोनवर डेटा बंद ठेवूनही हॉटस्पॉट चालू होतो, सगळे त्याला जोडा, तुमचं छोटं लॅन तयार, एक पैशाचा डेटा नाही. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग मारून पत्ता बघा, अपाची चालू करा आणि फोनच्या ब्राऊझरमध्ये तो पत्ता टाका. पान उघडलं तर वा, नाही उघडलं तर दहातल्या नऊ वेळा विंडोज फायरवॉल आडवा आलेला असतो, नेटवर्क प्रायव्हेट करा आणि अपाचीला परवानगी द्या. पिंगचंही (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) तसंच, दोन्ही मशीनं ठणठणीत असून उत्तर येत नाही ते त्याच्यामुळेच.

पावसाळ्याची अजून एक सूचना, विजा चमकायला लागल्या की राऊटरचा प्लग आणि मागची फोनची तांब्याची तार दोन्ही काढा. फायबर असेल तर त्या काचेच्या तारेतून वीज येत नाही पण अॅडॉप्टरमधून येतेच. आणि डेस्कटॉपवर काम करत असाल तर रोज उठायच्या आधी डेटाबेस एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण झॅम्पमधलं मायएसक्यूएल चालू असताना लाईट गेली की कधीकधी परत सुरूच होत नाही, आणि हे नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री होतं.

पोर्ट ८० चं भांडण

झॅम्प टाकल्यावर अपाचीचं बटण दाबलं की लाल अक्षरात एरर येते आणि अर्ध्या वर्गाचं वेब प्रोग्रामिंग तिथेच थांबतं. मग कोणीतरी म्हणतं विंडोज नवीन मार. काही मारू नका. एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम ऐकत बसू शकतो आणि वेबच्या ठरलेल्या पोर्टवर, ८० वर, आधीच कोणीतरी बसलंय, इतकंच. नेटस्टॅट कमांड ए-एन-ओ ऑप्शन लावून चालवा, ८० च्या समोर शेवटच्या कॉलमात प्रोसेसचा नंबर दिसेल, टास्क मॅनेजरमध्ये तो शोधा, नंबर ४ म्हणजे नुसतं सिस्टम दिसलं तर मागे बऱ्याचदा आयआयएस (विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर) असतं. ते बंद करा नाहीतर अपाचीच्या कॉन्फिग फाईलमध्ये लिसन ८० ची ओळ लिसन ८०८० करा आणि ब्राऊझरमध्ये लोकलहोस्टपुढे कोलन ८०८० लावा. आता नेटवर्कच्या पेपरात पोर्ट म्हणजे काय, सॉकेट म्हणजे काय विचारलं की तुम्हाला व्याख्या आठवावी लागणार नाही.

हेच पुढे न्यायचं असेल तर पायथनमध्ये दहा-पंधरा ओळींचा सर्व्हर स्वतः लिहा, सॉकेट उघडा, बाईंड करा, लिसन, अॅक्सेप्ट, आणि ब्राऊझरने काय पाठवलं ते नुसतं प्रिंट करा. ब्राऊझर तुमच्याशी साध्या इंग्रजी ओळींत बोलतोय हे पहिल्यांदा बघितल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पहिली ओळ गेट, मग होस्ट, मग युजर एजंट, मग एक रिकामी ओळ. ती रिकामी ओळ फार महत्त्वाची, हेडर संपले हे तिच्यावरून कळतं, उत्तर पाठवताना ती विसरलात तर ब्राऊझरला तुमचं उत्तर नीट वाचताच येत नाही. हा प्रोग्राम चालला की मग पीएचपी, नोड, सर्व्हलेट जे काय सिलॅबसला असेल ते शिका, कारण ते सगळे आतून हेच करतात.

वायरशार्क लावा आणि लूपबॅकचा (मशीन स्वतःशीच बोलतं तो) अॅडॉप्टर निवडा, फिल्टरमध्ये पोर्ट ८०८० टाका. आयपीवर फिल्टर लावू नका कारण लोकलहोस्ट कधी १२७.०.०.१ ला जातो आणि कधी आयपीव्ही६ च्या पत्त्याला. पान रिफ्रेश करा. पहिल्या तीन ओळी सिन, सिन-अॅक, अॅक, म्हणजे तोच हँडशेक. त्यात सिक्वेन्स नंबर शून्य दिसेल आणि तुम्ही जर्नलमध्ये लिहाल की सिक्वेन्स नंबर शून्यापासून सुरू होतो, इथेच मार्क जातात. वायरशार्क सोयीसाठी रिलेटिव्ह आकडा दाखवतो, खरा आकडा ३२ बिटचा आणि सहज ओळखता येऊ नये असा निवडलेला असतो, सेटिंगमध्ये रिलेटिव्ह बंद केलं की दिसतो. मग वायफायवरचं एखादं सिन पॅकेट उघडून एमएसएस (एका पॅकेटात मावणारा जास्तीत जास्त डेटा) बघा, बहुतेक १४६० मिळेल, १५०० मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा. पुस्तकातल्या आकड्यांचा हिशोब असा लागला की परत विसरत नाही.

आता स्वतःच्या लॉगिन फॉर्ममध्ये काहीही पासवर्ड टाकून सबमिट करा आणि वायरशार्कमध्ये पोस्टची ओळ उघडा. पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. एचटीटीपीएस का, यावर याच्यापेक्षा चांगलं लेक्चर नाही. पण हे प्रयोग स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या हॉटस्पॉटवर. कॉलेजच्या किंवा लॉजच्या वायफायवर दुसऱ्याचं पॅकेट बघायला गेलात तर आयटी कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ आहेत, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यापायी डिग्री घालवू नका.

सबनेटिंग

एका जाळ्याचे लहान तुकडे पाडणं, याला लोक उगाच घाबरतात. हे हमखास मार्काचं आहे, आणि एक गणित नीट केलं की बाकी सगळी तशीच.

समजा १९२.१६८.१०.० /२४ दिलंय, म्हणजे ३२ पैकी पहिले २४ बिट नेटवर्कचे. कॉलेजची लॅब ५० मशीन, लायब्ररी २५, ऑफिस १४, आणि दोन राऊटरमधली लिंक. नियम पहिला, सगळ्यात मोठं आधी. नियम दुसरा, प्रत्येक जाळ्यात दोन पत्ते फुकट जातात, पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा. लॅबला ५० पाहिजेत, ३२ च्या ब्लॉकमध्ये बसत नाहीत, ६४ चा घ्या, म्हणजे /२६, मास्क २५५.२५५.२५५.१९२. पत्ते .० ते .६३, वापरायचे .१ ते .६२. लायब्ररीला ३२ चा ब्लॉक, /२७, .६४ ते .९५, वापरायचे .६५ ते .९४. आता ऑफिस. १४ मशीन, १६ च्या ब्लॉकमध्ये बरोबर १४ वापरता येतात, म्हणून सगळे धावत जाऊन /२८ लिहितात. पण ऑफिसच्या मशीनना बाहेर जायला राऊटर लागतो आणि राऊटरच्या त्या बाजूलाही एक पत्ता लागतो, म्हणजे १५ झाले. खऱ्या कामात /२७ द्यावा लागेल, .९६ ते .१२७. पेपरात नुसतं होस्ट १४ असं असेल तर /२८ लिहा पण खाली एक ओळ टाका की गेटवे धरला तर /२७ लागेल, तपासणाऱ्याला कळतं की पोराने समजून केलंय. शेवटी लिंकला /३०, चार पत्ते, ऑफिसला /२७ धरला तर .१२८ ते .१३१, वापरायचे मधले दोन. उरलेले .१३२ पासून पुढे सगळे शिल्लक.

मोठं आधी का? लहान लिंक आधी .० ला ठेवून बघा, मग ६४ चा ब्लॉक .४ पासून सुरू करता येत नाही, तो .०, .६४, .१२८, .१९२ अशाच जागी बसतो, मध्ये भोक पडतं. एवढं हाताने एकदा करून बघितलं की पुरे, ऑनलाईन कॅल्क्युलेटर उत्तर देतो पण हे भोक दाखवत नाही.

क्लास ए-बी-सी पाठ करा कारण विचारतात, पण ते १९९३ पासून मागे पडलंय. त्यापेक्षा खाजगी पत्त्यांच्या तीन रांगा लक्षात ठेवा, १०.०.०.० /८, १७२.१६.०.० /१२, १९२.१६८.०.० /१६. आणि चौथी एक जी पुस्तकात क्वचित असते, १००.६४.०.० /१०, कंपनीवाल्यांच्या नॅटसाठी २०१२ साली राखून ठेवलेली. घरून ट्रेसरूट (वाटेतले राऊटर दाखवणारी कमांड) मारलात तर पहिला टप्पा तुमचा राऊटर आणि दुसरा-तिसरा बहुधा याच रांगेतला किंवा १० वाला निघेल. म्हणूनच तुमच्या लॅपटॉपवरचं पान मुंबईच्या चुलतभावाला उघडत नाही, तुमच्याकडे स्वतःचा पब्लिक पत्ताच नाहीये. मध्येच तारे-तारे दिसले तर लाईन तुटली असं नाही, तो राऊटर उत्तर देत नाही फक्त, पॅकेट पुढे जातच असतं. आणि आयपीव्ही६ म्हणजे भविष्यातलं काहीतरी असं समजू नका, जिओचं सिम असलेल्या फोनच्या स्टेटसमध्ये बघा, कोलनवाला लांबलचक पत्ता तिथे आत्ताच आहे.

डिलेची गणितं

ही आपल्याच गावावर करा. रत्नागिरी ते मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास धरा, काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूचा प्रोपगेशन डिले जेमतेम १.६ मिलिसेकंद. मग पिंग ६०-७० का दाखवतं? इथे ट्रान्समिशन डिले आणा. १५०० बाईटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट, २ एमबीपीएसच्या लाईनवर ते नुसतं तारेवर चढवायलाच ६ मिलिसेकंद, १०० एमबीपीएसवर ०.१२. वर मोबाईल टॉवरवर आपला नंबर येईपर्यंतची वाट, राऊटरमधली रांग. म्हणजे अंतर हा आपला प्रॉब्लेम नाहीच, शेवटचा टप्पा आहे. पिंगचं पॅकेट मुळात लहान असतं, ते वाढवून बघा, विंडोजवर एल ऑप्शनने १४०० बाईट द्या आणि हळू लाईनवर आकडा किती चढतो ते जर्नलला लावा.

हाफ डुप्लेक्सचं उदाहरण विचारलं तर सगळे वॉकीटॉकी सांगतात. तुम्ही कोकण रेल्वेची सिंगल लाईन सांगा, दोन्ही दिशेने गाड्या जातात पण एका वेळी एकच, दुसरी क्रॉसिंगला उभी. एक्स्टर्नल गाडीने आलेला असेल तर लगेच पटेल त्याला.

वेबचा प्रोजेक्ट

लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टम आणू नका. हात जोडून सांगते. एक्स्टर्नलने ते इतक्या वेळा बघितलंय की कुठल्या साईटवरून उतरवलंय तेही त्याला माहीत असतं. आपल्या घराशेजारी बघा, आंब्याच्या पेटीची ऑर्डर घेणारे काका अजून वहीत लिहितात, कोणाकडे होमस्टे आहे, चाकरमानी गणपतीला येताना गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत का विचारत असतात. यातलं एक घ्या आणि खऱ्या माणसाला विचारून करा. पेटीचं केलंत तर लगेच खरे प्रश्न येतात, चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटीला वेगळा दर, दर रोज बदलतो, मग जुन्या ऑर्डरचा दर कुठे ठेवणार? नुसता दराच्या टेबलला जोडलात तर उद्या दर बदलला की कालचं बिलही बदलेल. म्हणून ऑर्डर घेतानाचा दर ऑर्डरच्या ओळीतच ठेवायचा. डीबीएमएसचा हा धडा कुठल्याच तयार प्रोजेक्टमध्ये मिळणार नाही.

पहिल्यांदा फ्रेमवर्क नको. साधं एचटीएमएल, थोडी सीएसएस, पीएचपी किंवा जे सिलॅबसला असेल ते, आणि मायएसक्यूएल. शोधायला गेट, ऑर्डर टाकायला पोस्ट, का ते सांगता आलं पाहिजे, नुसतं पोस्ट सुरक्षित असतं म्हणू नका, वायरशार्कमध्ये आत्ताच बघितलंत ना. जावास्क्रिप्टने फोन नंबर तपासलात तरी सर्व्हरवर परत तपासा, ब्राऊझर गिऱ्हाइकाच्या हातात आहे. क्वेरी जोडाजोडी करून लिहू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि डेटा वेगळे पाठवणारं) वापरा, नावाच्या खान्यात एक अवतरण चिन्ह टाकून बघा, पान फुटलं तर तुमचं कामच उघडं आहे. पासवर्ड हॅश (परत उलगडता न येणारं रूप) करून ठेवा.

आणि मराठी नावं. इथे सगळे अडकतात. फॉर्ममध्ये देवगड टाईप केलं आणि डेटाबेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं आली तर डेटा गेलाच, टेबल किंवा कनेक्शन लॅटिनमध्ये आहे, तो बदलून परत भरावा लागेल. प्रश्नचिन्हं नाहीत पण भलतीच टोपीवाली परदेशी अक्षरं दिसतायत, तर बाईट बहुतेक शाबूत आहेत, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जातायत. टेबल यूटीएफ८एमबी४, कनेक्शन यूटीएफ८एमबी४, पानाच्या हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८, तिन्ही ठिकाणी पाहिजे.

हाच शब्द घेऊन पुढचा प्रयोग करा. देवगड वाचताना आपल्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये मात्रा वेगळी मोजली जाते म्हणून पाच. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईटचं म्हणून पंधरा. पीएचपीचं एसटीआरलेन १५ सांगतं, एमबीवालं एसटीआरलेन ५ सांगतं, दोन्ही बरोबर. आता तुमच्या पायथनच्या सर्व्हरमधून नुसता हा शब्द पाठवा आणि कंटेंट-लेंग्थ (उत्तर किती बाईटचं ते सांगणारं हेडर) ५ द्या, ब्राऊझर पाच बाईट घेऊन थांबतो, म्हणजे पहिलं चिन्ह द पूर्ण आणि दुसरं, त्याची मात्रा, अर्धवट तुटलेलं. १५ द्या, शब्द पूर्ण. आणि तोच शब्द गेटने सर्चमध्ये पाठवला की पत्त्याच्या पट्टीमागे प्रत्येक बाईटचं टक्केवालं तीन चिन्हांचं रूप होतं, म्हणजे ४५ चिन्हं. एका गावाच्या नावात एन्कोडिंग, हेडर आणि यूआरएल तिन्ही झालं, हे जर्नलला लावा, बघा कसं ऐकतात ते.

ब्राऊझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब रोज उघडा ठेवायची सवय लावा. त्यात हळू नेटची नक्कल करायची सोय आहे, मुंबईच्या पोरांसाठी, आपल्याला गरज पडत नाही. प्रत्येक ओळीवर क्लिक केलं की डीएनएसला किती वेळ, कनेक्शनला किती, सर्व्हरने किती वाट बघायला लावली हे पट्ट्यांमध्ये दिसतं. तो दरवाजामागचा कागद आठवतोय ना, तोच आडवा पडलेला असतो तिथे.

व्हायवा

प्रश्न ठरलेले असतात. हब-स्विच-राऊटर, टीसीपी-यूडीपी, कुकी-सेशन, ४०४ आणि ५०० मधला फरक, डीएनएस यूडीपी वापरतं की टीसीपी. शेवटच्याला दोन्ही सांगा, साधारण चौकशी यूडीपीने, उत्तर मोठं असलं किंवा झोन ट्रान्सफर (एका डीएनएस सर्व्हरच्या सगळ्या नोंदी दुसऱ्याकडे नेणं) असला की टीसीपी. टीएलएस कुठल्या लेयरला, हा भांडणाचा प्रश्न आहे, ट्रान्सपोर्टच्या वर आणि अॅप्लिकेशनच्या खाली म्हणा आणि थांबा. ओएसआयचे सात लेयर पाठ असू द्यात, पण चालतं ते टीसीपी/आयपी आहे, आर्पानेटने १ जानेवारी १९८३ ला तेच घेतलं आणि ओएसआयचं मॉडेल स्टँडर्ड म्हणून आलं १९८४ ला, हे एक वाक्य टाकलं की पुढचे चार प्रश्न टळतात. इंग्रजी अडलं तर मराठीत सांगतो सर असं सरळ म्हणा, समजलेलं असलं की चेहऱ्यावरून कळतं त्यांना. व्याख्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या जर्नलचं पान उघडून दाखवा, सर हे बघा हे माझंच कॅप्चर आहे.

डेमोचं मात्र आधीपासून बघा. लॅबमध्ये त्या दिवशी नेट नसणार हे धरूनच चाला. बूटस्ट्रॅप आणि जेक्वेरी बाहेरच्या लिंकवरून घेतलेलं असेल तर नेट नसताना तुमचं सुंदर पान पांढऱ्या कागदावर निळ्या लिंका असं दिसतं, म्हणून त्या फाईली उतरवून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा. पेन ड्राईव्हवर पूर्ण फोल्डर, शेजारी डेटाबेसची एक्स्पोर्ट केलेली फाईल, आणि आदल्या दिवशी लॅबच्याच एखाद्या मशीनवर चालवून बघा, तिथे ८० वर कोण बसलंय ते आधी कळेल. वायफाय बंद करून एकदा सगळी पानं फिरवा. ऑर्डरमध्ये चार-पाच मराठी नावं आधीच भरून ठेवा, त्यांच्यासमोर टाईप करायला इनपुट टूल असेलच असं नाही. आणि बऱ्याच लॅबमधल्या प्रोजेक्टरला अजून जुनी व्हीजीएच असते, तुमच्या लॅपटॉपला ती नसणार, कन्व्हर्टर कोणाकडे आहे ते विचारून ठेवा.